मिस केटच्या पाल्यातलं झिंक

इसिल्डा ब्लिसेटला कुणी विचारलं, की बाई, तू किंग्स्टनला त्या मोठ्या प्रयोगशाळेत करतेस तरी काय, तर ती म्हणायची, "पाला कुटते." विचारणाऱ्याला वाटायचं, शहरात राहून पोरगी शिष्ट झाली, धड उत्तरही देत नाही. पण खरोखरच तिचं काम तेच होतं. बेटाच्या कानाकोपऱ्यातून औषधी पाला यायचा. ओला असला तर ती तो धुऊन घ्यायची. बाजारात मिळतो तसा सुका असला तर धुवायचा नाही, कारण घेणारे लोकही धूत नाहीत. मग उबदार कपाटात वाळवायचा, दगडी खलात कुटून पिठासारखा करायचा, आणि करंगळीच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या कुपीत भरून पुढे द्यायचा. पुढे ती कुपी तळघरातल्या छोट्या अणुभट्टीत जायची. तिथून बाहेर आली की यंत्र सांगायचं, या पाल्यात लोह किती, झिंक म्हणजे जस्त किती, आर्सेनिक किती, कॅडमियम किती. डोळ्यांना दिसणार नाहीत, जिभेला लागणार नाहीत इतके बारीक अंश. पण ते असतात, आणि वर्षानुवर्षं पोटात गेले तर माणसाला तारतात किंवा मारतात.

त्या कुटायच्या खोलीत लोखंडी सुरी चालत नसे, पितळेची कात्री चालत नसे. बोटातली अंगठीसुद्धा दाराबाहेर काढून ठेवायची. धातू मोजायचा तर धातूचा वाराही लागता कामा नये, हा तिथला पहिला नियम. इसिल्डा तो फार कसोशीने पाळायची. लग्नाची अंगठी रोज काढून ठेवता ठेवता एक दिवस नवराच निघून गेला, असं ती स्वतःच हसत सांगते.

आता ती निवृत्त होऊन हार्मनी गॅपला, मावशीच्या घरात येऊन राहिली आहे. सकाळी उठून चुलीवर सेरासीची पानं उकळायला ठेवते आणि त्या कडवट वाफेबरोबर मावशी परत येते. रोज येते. इसिल्डाला त्याने भरून येतं, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच ती चूल पेटवते. गॅसची शेगडी कोपऱ्यात धूळ खात पडली आहे.

मावशी म्हणजे केटुरा ब्लिसेट, गावाची मिस केट. इसिल्डाची आई इंग्लंडला इस्पितळात काम करायला गेली तेव्हा इसिल्डाचे दुधाचे दात पडत होते. "घर झालं की बोलावते," आई म्हणाली. घर झालं, तिकडे आणखी मुलंही झाली, बोलावणं काही आलं नाही. नाताळला खोकं यायचं, त्यात बिस्किटं आणि लोकरीचे मोजे. मावशीने बहिणीला कधी बोल लावला नाही. फक्त ते मोजे पोरीच्या पायात चढवताना म्हणायची, "थंडी तिकडे आणि मोजे इकडे. तुझ्या आईचं गणित पहिल्यापासून कच्चंच गं, पुटूस." पुटूस हे इसिल्डाचं घरचं नाव. प्रयोगशाळेत ते कुणाला कळू नये म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं.

मिस केट ताडमाड उंच, अंगाने काटक, डोक्याला कायम फडकं बांधलेलं. जिभेला हाड नाही म्हणतात ते तिच्याकडे बघूनच म्हटलं असावं. परसात तिची वेगळी स्वयंपाकाची खोपी होती. चूल पेटली की पिमेंटोच्या सुवासिक लाकडाचा धूर निघायचा, आणि तो दिसला की कुंपणापलीकडून शेजारी एफ्रम, गावाचा मास एफ्रम, आपला चिनी मातीचा मग घेऊन हजर. आमच्या बेटावर गरम म्हणून जे जे प्यायचं ते सगळं चहाच. कोकोचा चहा, कॉफीचा चहा, माशाचं सार केलं तर तो माशाचा चहा. पण मिस केटच्या दारचा चहा म्हणजे सेरासी, म्हणजे रानकारल्याची वेल. तो पिऊन ज्याचं तोंड वाकडं झालं नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे.

"मिस केट, यात चिमूटभर साखर घातली तर देव रागावेल का गं?"

"देव नाही, मी रागावेन."

"खरंय बाबा. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच." मग मास एफ्रम घाईघाईने म्हणायचा, "पाल्याबद्दल बोलतोय हं मी."

"पाल्याला कान असते तर तोही उठून गेला असता. पी मुकाट्याने."

हे रोजचं होतं. इसिल्डा दप्तर घेऊन पायरीवर बसून उकडलेल्या हिरव्या केळ्यांबरोबर हे भांडणही खायची. आज त्या भांडणासाठी ती काय वाटेल ते देईल.

ऑगस्ट संपत आला, शाळा उघडायच्या आधीचा आठवडा आला, की गावातल्या सगळ्या आया आपापली कार्टी मिस केटच्या अंगणात आणून सोडायच्या. सुट्टीभर आंबे, ऊस, नारळ हादडून पोरांच्या पोटात जे साचलंय ते सेरासीने धुऊन काढल्याशिवाय शाळेत पाठवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाजच. पोरं नाक दाबून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत मग रिकामे करायची. नंतर संडासापुढे जी रांग लागायची तिची चर्चा नको. तान्ह्याच्या पोटदुखीला पानफुटी, तापाला गवती चहा, रक्तदाबाला, साखरेला सेरासी, सगळं मिस केटच्या हातचं. शनिवारी ती पाल्याच्या जुड्या घेऊन मँडव्हिलच्या बाजारात बसायची, पण गावातल्या माणसाला तिने कधी विकत दिलं नाही.

मास एफ्रमची बायको डॉर्कस ही मावशीची जिवाभावाची मैत्रीण. डॉर्कसला साखरेचा आजार होता. रोज संध्याकाळी मावशी मग भरून कुंपणापलीकडे घेऊन जायची, आणि दोघी दिवे लागेपर्यंत गावाची उणीदुणी काढत बसायच्या. शेवटी शेवटी डॉर्कसचे पाय सुजले, मूत्रपिंडं थकली आणि ती गेली. मावशी रडली नाही. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी मग भरायची, कुंपणापर्यंत जायची आणि परत यायची.

डॉर्कस गेल्याच्या पुढच्या साली, गिल्बर्ट वादळाच्या थोडं आधी, प्रयोगशाळेचे मोठे साहेब डॉ. टेलफर यांनी एक काम काढलं. लोक जो पाला रोज पितात त्यात आहे तरी काय, हे सगळ्या बेटावरून नमुने आणून मोजायचं. माणूस चांगला होता, फक्त आनंद झाला की समोरच्याचं तोंड बघायचा नाही. इसिल्डा उठून म्हणाली, "माझ्या मावशीचा पाला आणते. बेटावर तसला पाला नाही." म्हणताना तिची छाती फुगली होती.

मावशीला तर आभाळ ठेंगणं झालं. तिने वाळलेल्या पाल्यातून निवडून निवडून पानं दिली, किडकं एक नाही, पिवळं एक नाही. बाजारभर सांगत सुटली, "माझा पाला अणूच्या भट्टीत जाणार. तुमच्या पाल्याला गावची भट्टी तरी विचारते का?" पुरचुंडी बांधून इसिल्डाच्या हातात देताना मात्र ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "पुटूस, यंत्राला सांग, पोरांसाठीचा आहे. नीट बघ म्हणावं."

यंत्राने नीटच बघितलं. साऱ्या बेटावरच्या नमुन्यांत झिंक सगळ्यात जास्त कुठे, तर हार्मनी गॅपच्या सेरासीत. आणि त्या झिंकच्या मागोमाग चोरपावलांनी आलेलं कॅडमियम, तेही तिथेच. इसिल्डाने आकडे पुन्हा पुन्हा पडताळून पाहिले. डॉ. टेलफर हात चोळत म्हणाले, "कमाल आहे! तुमच्याकडची तांबडी माती. मातीतूनच वर चढत असणार. गावात जाऊन बोललं पाहिजे."

"साहेब, मी आधी एकटी जाऊन मावशीशी बोलू का?"

"अहो, लपवण्यासारखं काय आहे त्यात? सगळ्यांना एकदमच सांगू."

शाळेच्या खोलीत सभा भरली. मावशी चर्चला जायचा पोशाख करून, टोपी घालून पहिल्या बाकावर बसली. तिला वाटलं होतं, कौतुक होणार. इसिल्डाने तिला आदल्या दिवशी सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्या इस्त्री केलेल्या झग्याकडे बघून ते पुन्हा मिटलं.

डॉक्टर उभे राहिले, गोड हसले. "मिस ब्लिसेट, तुमच्या पाल्यात झिंक सापडलं."

आता आमच्या बेटावर झिंक म्हणजे छपराचा पत्रा. झिंकचं छप्पर, झिंकचं कुंपण, झिंकवर पाऊस पडला की पोरांना झोप लागते. शाळेत शिकलेला एखादा सोडला तर झिंक म्हणून काही दुसरं असतं हे कुणाच्या गावीही नाही.

मावशीने कानामागे हात नेला. "काय सापडलं?"

"झिंक."

"केवढा तुकडा?"

खोली खदखदली. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर उडालं होतं, तेच असेल!" मास एफ्रम मांडीवर टोपी आपटत हसला.

मावशी उठून उभी राहिली. "म्हणजे वजन वाढवायला मी पाल्यात पत्रा किसून घालते, असं म्हणणं आहे तुमचं? देवाच्या समोर सांगा!"

"तसं नव्हे, बाई, तसं नव्हे," डॉक्टर गडबडले. त्यांनी समजावून सांगितलं. झिंक हा धातू आहे, तो मातीत असतो, पाल्यात असतो, माणसालाही थोडा लागतोच. भीती आहे ती त्याच्यासोबत येणाऱ्या कॅडमियमची. ते थेंबाथेंबाने शरीरात जातं आणि मूत्रपिंडांत जाऊन बसतं. एकदा बसलं की वर्षानुवर्षं हलत नाही. "म्हणून तूर्त हा पाला पिऊ नये, एवढंच."

मूत्रपिंडं हा शब्द निघाला आणि मास एफ्रमचं हसू मावळलं.  मान वळवून त्याने मिस केटकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, विचारणं होतं. मावशीने ते पाहिलं, इसिल्डानेही पाहिलं. मावशीने टोपी सरळ केली आणि ती बाकांमधून चालत बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोपीतून धूर निघाला नाही, आणि कुंपणापलीकडून मगही आला नाही. इसिल्डाने प्रयोगशाळेला निरोप पाठवून मुक्काम वाढवला. मावशी पायरीवर बसून होती.

"डॉर्कसला रोज मग भरून कोण द्यायचं गं?" तिने विचारलं.

"मावशी, तिला साखर होती. साखरेनेच मूत्रपिंडं जातात. शंभरात कितीतरी जणांची तशीच जातात."

"ते तुझं म्हणणं झालं. यंत्राचं काय म्हणणं आहे?"

 आयुष्यभर त्या यंत्राला घास भरवले, आणि आज त्याच्या बाजूने बोलावं की मावशीच्या, हेच इसिल्डाला कळेना.  मावशीचं डोकं फिरलं. ती ताडकन उठली आणि परसात गेली. तिथे चार दगडांवर जुनं, वाकलेलं झिंक आडवं टाकलेलं होतं. तिच्या आईच्या काळापासून पाला वाळायचा तो त्याच्यावरच. झिंकवर ऊन तापतं, पाला दोन दिवसांत कुरकुरीत होतो. मावशीने त्यावर फाडकन हात मारला.

"झिंक म्हणे! झिंक हे! हे बघ झिंक, हे! छपराला लावतात, कुंपणाला लावतात. माणसाच्या पोटात कशाला जाईल ते? सांग तुझ्या त्या डॉक्टरला, झिंक कशाला म्हणतात ते! शिकलेले म्हणे!"

तिने पुन्हा मारायला हात उचलला आणि इसिल्डाने तो वरच्यावर धरला. तळव्याला पांढरी पूड लागली होती. लोखंडी पत्रा गंजू नये म्हणून त्यावर दिलेला जस्ताचा मुलामा जुना झाला की पाऊस, ऊन, दव खाऊन खाऊन भुरभुरीत होतो. पीठ चाळून ठेवल्यासारखी ती पूड साऱ्या पत्र्यावर पसरली होती, आणि दोन वाळल्या पानांवरही होती. धातूचा वारा लागू नये म्हणून अंगठी काढून ठेवणारी बाई, लहानपणापासून या पत्र्याशेजारी बसून केळी खात होती!

"मावशी, हात धुऊ नकोस."

"का? आज मला जेवायचं नाही वाटतं?"

"मावशी, झिंक खरंच झिंकमधूनच आलंय गं!" इसिल्डा एवढ्याने ओरडली, की खुराड्यातल्या कोंबड्या फडफडल्या.

तिने त्याच वेलीची ओली पानं खुडली, धुतली, सावलीत स्वच्छ कापडावर वाळवली आणि पत्र्यावरच्या पुडीबरोबर किंग्स्टनला नेली. यंत्राने सांगितलं, पाला चांगला आहे, चारचौघांसारखा. तांबड्या मातीचा दोष असलाच तर नावापुरता. पत्र्यावरच्या पुडीत मात्र झिंक तर होतंच, जुन्या मुलाम्याबरोबर येतं ते कॅडमियमही होतं. डॉ. टेलफर कपाळावर हात मारून म्हणाले, "मी जमीन खणत बसलो आणि उत्तर छपरावर होतं." मग स्वतः गावात येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पाला निर्दोष आहे, फक्त झिंकवर वाळवू नका. लोकांना हायसं वाटलं. मास एफ्रम मग घेऊन कुंपणाशी येऊन उभा राहिला, खाकरला, पण खोपीत चूलच पेटलेली नव्हती.

"अगं, आता कशाला तोंड पाडून बसलीस? पाला सुटला ना?" इसिल्डा म्हणाली.

"पाला सुटला. मी कुठे सुटले?" मावशी म्हणाली. "झिंकवर वाळवला कुणी? पालाच जाऊन झोपला होता का त्याच्यावर?"

 झालं ते झालं म्हणणं सोपं असतं, म्हणणाऱ्याला. मावशीच्या मनात एकच घोळत होतं, डॉर्कसला माझ्या हाताने मी काय पाजलं? आणि ऑगस्टातल्या त्या पोरांना? आणि हिला? ती खाईना, बाजारात जाईना. झग्यात वारा भरावा इतकी वाळली. इसिल्डाला वाटायला लागलं, कॅडमियम राहिलं बाजूला, ही काळजीच हिला घेऊन जाणार.

तिने डॉ. टेलफरना विचारलं. ते म्हणाले, "गेलेल्या माणसाचं आता सांगता येणार नाही. पण त्याच पाल्याचा चहा रोज पिणारं जिवंत माणूस असेल, तर त्याचे केस आणा. अंगात काय गेलं याची थोडीफार खूण केसांत उतरते. पूर्ण पुरावा नव्हे, पण काही नसण्यापेक्षा बरं."

केस! दुसरं काहीही मागितलं असतं तर चाललं असतं. मिस केट विंचरून झाल्यावर फणीतले केस एकेक करून वेचायची आणि चुलीत टाकायची. केस बाहेर पडला आणि पाखराने घरट्याला नेला तर जन्माची डोकेदुखी, आणि कुणा करणीवाल्याच्या हाती लागला तर मग देवच वाली. इसिल्डाने विषय काढला तेव्हा मावशी म्हणाली, "त्यापेक्षा माझं डोकंच ने."

 इसिल्डाने प्रयोगशाळेतून आणलेली चिनी मातीच्या पात्याची सुरी काढली, मावशीच्या देखत मानेमागे हात घातला आणि आपल्याच केसांची एक बट मुळापासून करकरत कापली.

"अगं ए वेडे! परक्यांच्या हातात देणार आहेस ते? काय काय करतील!"

"तुझाच पाला पितेय ना मी रोज? तू पाठवलेला? मग माझ्यात काय उतरलंय ते तरी कळू दे."

मावशी घरात निघून गेली. रविवारी चर्चहून आली ती मात्र सरळ पायरीवर बसली आणि तिने डोक्याचं फडकं सोडलं. इसिल्डाने दिवसाउजेडी मावशीचे केस कधी पाहिले नव्हते. पांढरे, विरळ, मागे उंदराच्या शेपटीएवढी वेणी.

"डॉर्कस घालून द्यायची वेणी," मावशी म्हणाली. "ती गेल्यापासून मलाच घालावी लागते, म्हणून वाकडी आहे. काप. पण मान सांभाळ, तेवढीच राहिली आहे." मग थांबून म्हणाली, "आणि त्यांना सांग, एकही केस खाली पडता कामा नये."

इसिल्डाने दोन्ही बटा स्वतः धुतल्या, स्वतः कुपीत भरल्या. एकही केस खाली पडला नाही.

उत्तर आलं तेव्हा ते तिने पुन्हा तपासून घेतलं. तिच्या केसांत विशेष काही नव्हतं, किंग्स्टनच्या कुठल्याही बाईच्या केसांत असावं तेवढंच. मावशीच्या केसांत मात्र झिंकही चढलेलं होतं, कॅडमियमही. डॉ. टेलफरनी ओळखीच्या डॉक्टरकडून मँडव्हिलला मावशीची मूत्रपिंडं तपासून घेतली. वयाच्या मानाने ठीक आहेत, काळजीचं कारण नाही, असं ते म्हणाले. तरीही हार्मनी गॅपच्या चढावर बस घरघरत होती तेव्हा इसिल्डाला रडू फुटत होतं. पाला एकच, वेल एक, झिंक एक, मग असं का? आणि हे मावशीला सांगायचं कसं?

तिने सांगितलं, जसं होतं तसं. मावशी पायरीवर बसून ऐकत होती.

"तुझ्यात नाही?" तिने विचारलं.

"नाही. माझ्यात काहीच नाही. मला तेच कळत नाही, मावशी. मीही रोज तोच चहा पिते."

"कसा करतेस?"

"तू शिकवलास तसा. पाला पाण्यात टाकून एक कढ आणायचा. ते पहिलं पाणी ओतून टाकायचं. मग दुसरं पाणी घालून उकळायचं, ते प्यायचं."

"बरोबर. पहिलं पाणी फार जहाल. पोरांच्या, आजाऱ्यांच्या पोटाला सोसत नाही. तुला, डॉर्कसला, एफ्रमला, गावातल्या पोरांना, कुणाला म्हणून मी पहिलं पाणी दिलं नाही कधी."

"म्हणजे तू ते फेकून द्यायचीस."

मावशीने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू पोरीने भर जेवणात शिवी दिली. "फेकून? देवाने पिकवलेलं? मी प्यायचे ते."

 पानांवरची ती पांढरी पूड पहिल्याच कढाला सुटून पाण्यात उतरत होती, हे इसिल्डाला समोर दिसल्यासारखं कळलं. सगळ्यांचं पहिलं पाणी. रोजचं. इसिल्डा झोपेतून उठायच्या आधी मावशी चुलीपाशी एकटीच बसून ते पिऊन टाकत होती, आणि कुणाला कधी पत्ताही लागला नव्हता.

"पुटूस, म्हणजे त्या झिंकचं जे काय होतं..."

"ते पहिल्या पाण्यात यायचं, मावशी. बहुतेक सगळं."

"आणि दुसऱ्यात?"

"माझ्या केसांत जेवढं आहे तेवढंच. म्हणजे काही नाही."

"मग डॉर्कसला..."

"डॉर्कसला तू काहीही केलेलं नाहीस."

मावशीने डोळे मिटले. तिचे ओठ हलले, देवाशी बोलत होती की डॉर्कसशी कोण जाणे. मग ती उठली आणि कुंपणाकडे तोंड करून तिने हाक मारली, तीच जुनी, चार घरं ओलांडून जाणारी हाक, "एफ्रम! मेलास की काय? मग घेऊन ये!" आणि चूल पेटवायला खोपीत शिरली.

इसिल्डा तिच्या मागे आत गेली आणि चाळिशी ओलांडलेली बाई, मावशीच्या कुशीत तोंड खुपसून लहान पोरीसारखी हमसाहमशी रडली. मावशीने तिच्या कापलेल्या बटेवरून हात फिरवला.

"रडतेस काय, वेडे?" ती म्हणाली. "अंगात झिंक होतं म्हणून तर इतक्या पावसांत गंजले नाही मी."